बाभळीवरचा कापूस

आज सकाळी बडनेऱ्याला आगगाडीतून उतरून नातीला घेऊन बैलांच्या दमणीत बसले, आणि वस्ती मागे पडते न पडते तोच रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागल्या. फुलं नव्हेत ती. बाभळीचं फूल पिवळं असतं, आणि त्याचे दिवसही हे नव्हेत. पहाटेपासून कापसाच्या बैलबंड्या बाजाराकडे गेल्या होत्या, अंगापेक्षा बोंगा मोठा अशा भरलेल्या, आणि रस्त्यावर वाकलेल्या एकेका फांदीनं जाता जाता आपला वाटा काढून घेतला होता. काट्याकाट्यावर पुंजके लटकत होते. ऊन चढलं तसा त्यातल्या सरकीचा तो तेलकट, कोंदट वास आला, आणि मी, साठीला टेकलेली बाई, बसल्या जागी अशी काही चुळबुळायला लागले की शेजारी बसलेल्या नातीनं माझा पदर ओढला. "आजी, काऊन अशी करून राहिली? मुंगी चावली काय?"

मुंगीच म्हणायची. पन्नास वर्षं झाली, अजून चावायची थांबलेली नाही. घरात माझी ख्याती आहे; सुना आपसात म्हणतात, म्हातारीच्या पायाला भिंगरी आहे. ताटावर बसले तरी मधेच उठून दाराशी जाऊन येते. कापसाच्या हंगामात तर मला घरात धरून ठेवणं म्हणजे वारा गाठोड्यात बांधणं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. पण हे वाचणारे तुम्ही माझ्यासारखेच असाल, कसल्याशा वासानं हातातला घास तसाच ठेवून उठणारे, म्हणून तुम्हाला सांगते.

नातीला मी बोर्डिंगात पोचवायला निघाले होते. याच रस्त्यावर, अमरावती आणि अकोल्याच्या मधे, सिस्टरांचं ते बोर्डिंग आहे. गावाचं नाव लिहीत नाही; गाव लहान आहे, आणि लहान गावात सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी असतात. आमच्या घरातली ही तिसरी पिढी. आधी मी, मग माझी लेक, आता लेकीची लेक. लोक विचारतात, मग तुम्ही बाटलात का? कुणी आडून विचारतं, कुणी तोंडावर. मी उत्तर देत नाही. गळ्यात काय आहे ते पदराखाली आहे, आणि मनात काय आहे ते देवाला ठाऊक. विचारणाऱ्यांनी आपापल्या घरच्या चुली फुंकाव्यात.

मी आले तेव्हा बोर्डिंग म्हणजे एक लांबच लांब कौलारू पडवी, पुढे कडुनिंबाचं झाड, मागे विहीर, आणि एका कोपऱ्यात प्रार्थनेची खोली. तीन सिस्टरा, त्यांतली थोरली ती मदर, आणि आम्ही वीसेक पोरी. सगळ्या शेतकऱ्यांच्या. कुणाला आई नव्हती, कुणाला सावत्र होती. मदर सात समुद्रांपलीकडची. तिला आल्या आल्या इथलं एक अक्षर येत नव्हतं आणि शिकवायला कोणी शास्त्रीबुवा मिळाला नाही, तेव्हा ती आमच्याकडूनच बोलायला शिकली. त्यामुळे झालं असं, की ती गोरीपान, मोठ्या पांढऱ्या टोपीची बाई अस्सल वऱ्हाडी बोलायची. "काऊन वं पोट्टे, भाकर काऊन टाकून राहिली? उपाशी मरतं काय?" एकदा पुण्याकडचा कोणी कारकून साहेबाबरोबर आला होता. तो तिचं बोलणं ऐकून गालात हसला आणि म्हणाला, ही कुठली मराठी हो मदर? मदर म्हणाली, "माह्या पोट्ट्यायची हाय. तुमची कोनाची हाय?"

बोर्डिंगाचा एक रिवाज होता, मदरनेच घातलेला. फी नाही. पोरीनं यायचं ते आपली गादी घेऊन. कापूस घरच्या शेतातला हवा, आणि गादी भरायची ती घरातल्या बाईनं, पिंजाऱ्यानं नव्हे. असं का, म्हणून कुणी विचारलं तर मदर सांगायची, "दिवसभर पोट्टी माही. पन झोपीन ते आपल्या घरीच झोपली पायजे." पडवीत भिंतीलगत ओळीनं गाद्या. कुणाची जाड, कुणाची गोळ्यागोळ्यांची, कुणाची आईच्या फाटक्या लुगड्याच्या खोळीतली. डोळे मिटूनही आम्ही सांगू शकायचो, कुठली गादी कोणाच्या घरची. प्रत्येकीला आपापला वास असे.

माझी गादी आईनं भरली. तेव्हा तिचा खोकला इतका वाढला होता की दोन मुठी कापूस भरला की थांबायची, छाती धरून बसायची, मग पुन्हा दोन मुठी. कापसाची तूस घशात जाई, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. तिचंच ठरलं होतं सगळं. सिस्टरा आमच्या भागात औषधं द्यायला येत, तेव्हा तिनं मदरशी बोलून ठेवलं होतं की आपल्यामागे पोर जावेच्या, माझ्या काकूच्या, हाताखाली पडायला नको. शेवटची शिवण घालताना, आमच्या घरच्या रीतीप्रमाणे, तिनं आत एक हळकुंड टाकलं. कीड लागू नये, दृष्ट लागू नये. मी विचारलं, "माय, ही गादी आपल्या दोघीची?" ती म्हणाली, "तुही एकटीची." दाभण ओढलं, सुतळी दातानं तोडली आणि गादीवरून एकदा हात फिरवला. बोंडं फुटायच्या आधी ती गेली.

आमचं गाव तेल्हाऱ्याकडचं. बापानं मला बंडीत घालून आणलं तेव्हा वाटेत दोन मुक्काम झाले, आणि त्या दोन मुक्कामांत तो दहा शब्द बोलला असेल तर शपथ. माझा बाप म्हणजे खोल विहीर. पाणी होतं, पण दोर पुरत नसे. बोर्डिंगात त्यानं गादी खांद्यावरून उतरवली, पडवीच्या टोकाला अंथरली, आईनं फिरवला तसाच वरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "नीट रायजो. येतो." कधी येतो, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला वाटतं, बाप येतो म्हणाला म्हणजे उद्या-परवाच येतो.

त्याच सुमाराला कुठेतरी समुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, आणि त्यांचा कापूस अडल्यामुळे आमच्या पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, सोन्याचे दिवस आले होते. मदर नकाशावर बोट ठेवून समजावायची. आम्हाला कळायचं एवढंच, की लढाई त्यांची आणि वेड लागलं वऱ्हाडाला. काय एकेक पाहिलं त्या दिवसांत! बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. ज्यांनी जन्मात पागोटं बांधलं नाही ते जरीकाठी पागोटी बांधून बाजारात फिरायचे. दारापुढची तुळस काढून तिथे पराटी लावणारेही निघाले. आणि शेतातला कापूस संपल्यावर लोकांची नजर घरात वळली. उशा फाडल्या, रजया फाडल्या, बाळंतिणीच्या दुपट्यातला कापूससुद्धा लोकांनी सोडला नाही. अख्खं वऱ्हाड गाद्या विकून कुटारावर, गुरांच्या भुश्यावर, झोपायला लागलं, आणि सकाळी उठून पाठ खाजवत एकमेकांना भाव विचारायला लागलं.

मग एक दिवस एकीचा बाप बोर्डिंगात आला. सणवार नव्हता, सुट्टी नव्हती. तिला गुळाचा खडा दिला, मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला, आणि जाताना तिची गादी बंडीत टाकून घेऊन गेला. मदर संतापली. पण गादी त्यांची, कापूस त्यांचा. ती काय करणार? तिनं खोळीत कुटार भरून दिलं. आठ दिवसांनी दुसरीचा बाप आला. मग तिसरीचा. मग एकेका दिवशी दोघादोघांचे यायला लागले. गंमत बघा, गादी गेली म्हणून एकही पोर रडली नाही. बाप दिसला होता ना! रात्रभर कुटार टोचायचं, आणि सकाळी पाठीवरचे लाल चट्टे एकमेकींना दाखवत पोरी ऐटीत सांगायच्या, माहा बाप येऊन गेला.

माझा आला नाही.

पडवीत शेवटी कापसाची गादी उरली ती माझी एकटीची. पोरी मला महाराणी म्हणायला लागल्या. "महाराणीले मऊ लागते बाप्पा!" मी गादी गुंडाळून भिंतीला लावली आणि खाली जमिनीवर झोपायला लागले. तरी टोमणे थांबले नाहीत. मला मऊ नको होतं, मला चट्टे हवे होते. गाडीवाट दिसावी म्हणून मी दिवसातून दहादा विहिरीच्या काठावर चढायची. घंटा झाली की प्रार्थनेत गुडघे टेकलेले असायचे आणि कान रस्त्याकडे. बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आला की गुडघे अर्धे उचलले जायचे, आणि बंडी फाटकावरून पुढे गेली की पुन्हा टेकायचे. मला जगात एकच गोष्ट कळायला हवी होती: माझा बाप येणार की नाही.

पुष्कळ विचार करून मला कारण सापडलं. दोष गादीचा होता! बाकीच्यांच्या गाद्या कशा गच्च, आणि माझी आईनं अशक्त हातांनी भरलेली, पातळ. एवढ्याशा कापसासाठी दोन मुक्कामांची वाट कोण तुडवणार? गादी फुगली की बाप येईल. इतकं सरळ होतं ते. आता हसू येतं. पण भाव चढला की माणूस येतो, हे शहाणीसुरती माणसंच तर आम्हाला दाखवत होती.

दुपारी जेवणं झाली की सिस्टरा घटकाभर पडायच्या. तेवढ्यात मी विहिरीमागच्या कुंपणाच्या फटीतून रस्त्यावर. उन्हानं धूळ अशी तापलेली की तळपाय उचलून धरावे लागत. बाभळीवर पुंजके असत, उंचावर चांगले, खाली मळलेले. फांदी एका हातानं ओढायची, दुसऱ्या हातानं काट्यातून कापूस सोडवायचा. घाई केली की काटा कापसाबरोबर यायचा, आणि घाई तर नेहमीच असायची. ओटीत भरून आणायचं, प्रार्थनेच्या खोलीमागे बसून नखांनी सरकी काढायची, तिथेच टाकायची, आणि गादीच्या कोपऱ्याची शिवण चार बोटं उसवून तिथून आत कोंबायचं. त्या सरकीची पुढे पावसाळ्यात खोलीमागे रांगच्या रांग उगवून आली. मदरनं ती उपटू दिली नाही, हे आपलं जाता जाता सांगते. रोज ओटीभर म्हणता म्हणता गादी फुगली. कशी फुगली? गाभण म्हशीसारखी, एका अंगाला. पण फुगली.

मदरनं पकडलं ते गादीवरून नव्हे, हातांवरून. कोपरापर्यंत ओरखडे होते. तिनं मला उभं केलं, गादी चाचपली, आत बोट घातलं आणि काटा बाहेर काढला.

"कोनाचा हाय वं हा कापूस?"

"माहा."

"चोरला?"

"बाभळीनं चोरला. म्या बाभळीपासून घेतला."

मदरचे ओठ हलले. हसू होतं की राग, मला आजवर कळलेलं नाही. "कायले?" तिनं विचारलं. मी सांगितलं, बाप येईन म्हणून. मग मला कुंपण ओलांडल्याबद्दल अर्धा तास गुडघ्यांवर उभं केलं, आणि अर्धा तास झाल्यावर स्वतः समोर बसून माझ्या ओरखड्यांना तेल लावलं. दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याकडे रिकामा परतणारा एक गाडीवान तिनं फाटकाशी थांबवला. मला म्हणाली, "सांगते तुह्या बापाले, पोट्टी वाट पाहून राहिली." आणि मी, मूर्ख पोर, तिचा झगा धरून म्हणाले, "तसं नोको सांगू मदर. गादीचं सांग. गादी फुगली हाय, न्यायले ये, असं सांग." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तसंच सांगितलं.

आठव्या दिवशी बाप आला.

बंडी नव्हती, पायी आला. गालाची हाडं वर आलेली. निंबाखाली उभा राहून त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरी हायस?" मला घाई झाली होती. पडवीतून गादी फरफटत आणून त्याच्या पायाशी टाकली आणि म्हटलं, "पाय, केवढी झाली!"

त्यानं वाकून गादी दाबली. हात झटकन मागे घेतला. बोटाला काटा लागला होता. माझ्या हातांकडे पाहिलं. "हा आपला कापूस नाई," तो म्हणाला.

"हाय. आपलाच हाय."

तो खाली बसला आणि विळ्यानं शिवण उसवली. आधी माझा कापूस निघाला, मळका, काडीकचऱ्याचा. त्याखाली आईचा. मला वाटलं होतं दोन्ही मिसळून गेले असतील. पण कापूस आपापली जागा धरून होता, वर करडा, खाली पांढरा. हात आत गेला तसं हळकुंड घरंगळून बाहेर पडलं. बापानं ते उचललं, नाकाशी नेलं, आणि कडेला जपून ठेवलं. मग त्यानं निवडायला सुरुवात केली. सगळी दुपार निवडत होता. एका बाजूला आईचा ढीग, एका बाजूला माझा. मी भोवती घिरट्या घालत होते, जीव नुसता टांगणीला लागलेला. "दोनी ने ना बाबा!" मी म्हणत होते. तो म्हणाला, "गप." शेवटी मदरकडून दाभण मागून घेतलं आणि आईचा कापूस हळकुंडासकट परत खोळीत घालून स्वतः शिवला. काय ते टाके! एकेक हातभर लांब. माझा कापूस त्यानं आपल्या दुपट्ट्यात बांधला, गाठोडं काखेत मारलं. "येतो," म्हणाला, आणि गेला.

फाटकाबाहेरची धूळ खाली बसायच्या आत पोरी ओरडल्या, "तुह्या बापानं तं बाभळीची झाडलोटबी नेली वं!"

मी काय समजायचं होतं? तो आला तो कापसासाठी. मी बोलावलंच होतं कापसासाठी. चांगला कापूस त्याला शिवून ठेवावासा वाटला, म्हणजे पुढच्या भावाला न्यायचा असेल. आणि आत्तापुरता कचराही सोडवला नाही. माझ्याशी चार शब्द बोलायला मात्र त्याच्याकडे नव्हते. खरं सांगते, त्या दिवशी बापावरची माझी माया आटली. त्या रात्री मी गादी अंथरली आणि तिच्यावर झोपले, आणि पोरी महाराणी म्हणाल्या तेव्हा म्हटलं, हो, आहे.

पुढे ती लढाई संपली आणि इकडे भाव असा कोसळला की जरीची पागोटी चूल पेटवायलाही कामाची राहिली नाहीत. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली. काही पोरींच्या गाद्या परत आल्या, पुष्कळींच्या आल्या नाहीत. माझा बाप मात्र यायला लागला. दर दोन-तीन महिन्यांनी निंबाखाली येऊन बसायचा, दुपट्ट्याच्या टोकाला गूळ आणि तीळ. मी त्याच्यासमोर पुस्तक उघडून बसायची, बोलायला लागू नये म्हणून. तो दर वेळी एकच विचारी, "झोप येते काय वं गादीवर?" मी म्हणे, "येते." आलाच शेवटी गादीवर, असं मनात म्हणून पान उलटायची. अशी बारा वर्षं गेली. मी शिकले, तिथंच लहान पोरींना शिवण शिकवायला लागले, लग्न झालं, मुलं झाली. लग्नात बाप मागे मागे उभा होता. नातवंडांना खांद्यावर घ्यायचा आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलायचा. मी वाईट वागले नाही. नीट वागले. नीट वागणं किती वाईट असतं ते तुम्हाला माहीत असेल.

तो एका चैत्रात गेला. तेरवीच्या दिवशी माणसं पांगल्यावर आत्यानं, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीनं, मला आत बोलावलं आणि एक उशी पुढ्यात टाकली. उशी कसली, हातभर लांबीचं गठुडं. डोक्याच्या तेलानं काळं पडलेलं. "हे तुही. सांगून गेला, पोट्टीले देजो." मी हातात घेतली, दाबली, आणि बोटाला काटा लागला.

मी आत्याकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "तुह्या मायनं भरलेली गादी उसवायले त्याचा हात होये नाई. घरी रोज कटकट. कारभार तुह्या काकाच्या हाती. तो म्हणे, बोर्डिंगात गेला तं गादी घेऊनच येजो, नाई तं जाऊच नोको. हा म्हणे, मंग जातच नाई. भाव पडला का जाईन. वर्षभर तसाच तळमळला. आन मंग तुहा निरोप आला, गादी फुगली म्हणून. तो नेमका काकाच्या कानावर पडला. काकानं धाडलाच त्याले."

"आन मंग?"

"मंग काय! हे गाठोडं घेऊन आला. काकापुढं सोडलं. म्हणे, घ्या, हेच निघालं गादीतून. काडीकचरा, काटे. काका पेटला, म्हणे उकिरड्यावर फेक. यानं फेकलं नाई. कोपऱ्यात बसून खोळ शिवली. तवापासून दुसऱ्या उशीवर डोकं ठेवलं नाई त्यानं. म्या एकदा म्हटलं, दादा, टोचत नाई काय रे? म्हणे, टोचते."

मी रडले असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. मी चिडले. इतकी चिडले की आत्या घाबरली. बोलायला काय झालं होतं त्याला? निंबाखाली बसून बारा वर्षं तीळगूळ चारला, एकदा म्हणायचं होतं, पोरी, तुझ्या आईची गादी वाचवायला मी तुझ्याकडे येत नव्हतो. आणि मग राग माझ्यावर उलटला, तो आजतागायत उतरलेला नाही. मदर सांगत होती, पोट्टी वाट पाहून राहिली असं कळवते म्हणून. मीच नको म्हटलं. मीच त्याला माझ्यासाठी बोलावलं नाही. तो निरोप गेला असता, तर काका मधे आला असता की नसता, कोण जाणे. बाप रात्रीतून चालत निघाला असता. हे आता मला कळतं, आणि कळून काही उपयोग नाही. म्हणून मग कुठेच बसवत नाही. ही जी भिंगरी आहे ना पायाला, ती ही आहे.

आईची गादी पुढे पिंजून पिंजून माझ्या मुलांच्या पाळण्यांत गेली, आणि कापूस जसा जायचा तसा विरून गेला. उशी तेवढी राहिली.

आज ती मी बरोबर आणली होती. मनात होतं, नातीला द्यावी. घराण्याची म्हणून तिच्या हाती लागावी. बोर्डिंग आता ओळखू येत नाही. मदर कधीच मातीआड झाली. पडवीच्या जागी दगडी इमारत, लोखंडी खाटा, सगळ्यांना सारख्या गाद्या, बोर्डिंगानंच दिलेल्या. निंब तेवढा आहे. नात खाटेवर चढली, उशीवर डोकं ठेवलं आणि लगेच उठली. "आजी, हे टोचते!"

"टोचते खरी," मी म्हटलं, आणि उशी परत गाठोड्यात घातली. तिच्या वयाला कशाला? ती माझी आहे.

निघताना तिनं फाटकाशी माझा हात धरला. डोळे कोरडे होते, पण हात सोडेना. "आजी, तू कवा येशील?"

"पंधरा दिवसांनी."

"कायले?"

"तुले पायले."

"आनखी?"

"आनखी काई नाई. तुले पायले."

तिनं मान हलवली, जणू हे रोजचंच बोलणं, आणि विहिरीवर हातपाय धुणाऱ्या पोरींकडे पळाली. मी तिथेच उभी राहिले. दोन शब्द होते. माझ्या बापाला सगळ्या जन्मात ते तोंडातून काढता आले नाहीत, आणि मला त्याच्याकडून काढून घेता आले नाहीत. आज किती सोपे वाटले.

परतीच्या वाटेवर रिकाम्या बंड्या बाजारातून उलट येत होत्या. सकाळचे पुंजके बाभळींवर तसेच होते. एवढ्या थोड्या कापसासाठी आता कोणी थांबत नाही. मी उशी मांडीवर घेतली, दमणीच्या दांडीला टेकवून तिच्यावर डोकं ठेवून पाहिलं. गाडीवान मागे वळून म्हणाला, "झोपा आता माय, बडनेरा दूर हाय." झोप कसली येते! पंधरा दिवस म्हणाले खरं, पण माझ्यानं तेवढं काही धरवणार नाही. आठव्या दिवशीच जाईन. सुना म्हणतील, निघाली म्हातारी. म्हणू देत.